लोखंडाची खरेदी

सायकलवाल्या माणसाला एक सूक्ष्म गर्व असतो. तो बोलून दाखवीत नाही. पण पेट्रोलचा भाव वाढल्याची बातमी वाचताना त्याच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता पसरते ती एकदा पाहून घ्यावी. मधुमेह, रक्तदाब, सुटलेले पोट या गोष्टी परमेश्वराने स्कूटरवाल्यांसाठी निर्माण केल्या आहेत, अशी त्याची मनोमन खात्री असते. मी या गर्वाचा गेली पंधरा-सोळा वर्षे धनी आहे. घरापासून शाळा सहा किलोमीटर, जाऊन येऊन बारा. रविवारी पहाटे कृष्णेच्या कडेकडेने नरसोबाच्या वाडीपर्यंत, आणि अंगात मस्ती जास्तच असली तर मिरजेच्या पलीकडे दंडोबाच्या डोंगरापर्यंत. एवढे केल्यावर व्यायामाचे खाते चुकते झाले असे कुणालाही वाटावे.

परंतु सायकलवाल्याच्या देहाकडे कधी नीट निरखून पाहा. कंबरेखाली देवळाचे खांब आणि कंबरेवर वाळत घातलेला सदरा! दोन निराळ्या माणसांचे अर्धे अर्धे भाग शिंप्याने घाईगर्दीत जोडून दिल्यासारखा तो दिसतो. त्याला दंडोबाचा चढ चढायला सांगा, शीळ घालीत चढेल. पण गॅसचे भरलेले सिलिंडर उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत उचलून न्यायला सांगा. आत गॅस १४.२ किलो, वर टाकीचे पंधरा-सोळा किलो, म्हणजे सगळे मिळून तीस किलो. गॅसवाला पोऱ्या ते एका खांद्यावर टाकून दोन जिने चढून येतो. आमचा सायकलवीर ते तिरपे करून, फरशीवर गोल गोल फिरवीत, मधून मधून भिंतीला टेकत नेतो.

हे सारे विनोदाच्या वहीत राहिले असते. पण यंदा ज्येष्ठात आमची आई न्हाणीघरात घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. पडणे तसे साधेच होते. बादली सरकवायला गेली आणि बसकी पडली, एवढेच. शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी मला पडद्यावर त्या हाडाचे चित्र दाखवले. त्यातले मला काय कळणार? पण पुष्कळ धुण्याने विरलेली मलमल मला आठवली खरी.

"चौऱ्याहत्तर वर्षांचं हाड आहे," डॉक्टर म्हणाले. "पण मास्तर, तुमचं कसं आहे? व्यायाम काय करता?"

मी छाती पुढे काढून सायकलचे सांगितले.

"हृदयाला फार चांगलं," ते म्हणाले. "तुम्ही सायकल चालवता हे हाडाला मात्र कळतच नाही."

मग त्यांनी जे समजावून सांगितले ते मी शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांकडून पुन्हा एकदा तपासून घेतले. युलियस वोल्फ नावाच्या एका जर्मन शस्त्रवैद्याने १८९२ साली ग्रंथ लिहून असे मांडले, की हाड ही मेलेली वस्तू नव्हे; तिच्यावर जसा भार पडेल तशी ती स्वतःची रचना बदलते. भार वाढला तर घट्ट होते, भार गेला तर विरळ होते. आता सायकलवर बसलेल्या माणसाचा भार कुणावर असतो? बैठकीवर, मुठीवर आणि पायट्यावर. चालताना, धावताना, जिना उतरताना टाचेपासून मणक्यापर्यंत जे लहानलहान धक्के जातात ते सायकलवर जात नाहीत. शर्यतीच्या सायकलपटूंची हाडे मोजली गेली, तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता चारचौघांहूनही कमी भरल्याचे एकाहून अधिक अभ्यासांत दिसले आहे. छाती भात्यासारखी, मांड्या पोलादाच्या, आणि पाठीचा कणा म्हाताऱ्याचा!

अंतराळवीरांचीही गत अशीच. वजनच नसलेल्या त्या लोकात भार पेलणारी हाडे दर महिन्याला एक ते दीड टक्क्याने झिजतात. म्हणून अंतराळस्थानकावर २००८ साली एक यंत्र नेऊन बसवले. तिथे लोखंडाचा काय उपयोग, तेही तरंगणार! तेव्हा निर्वात नळकांड्यांच्या ओढीने वजन उचलण्याचा भास निर्माण करून ते वीर तिथे बैठका मारतात. मला हे वाचून मोठी मौज वाटली. पृथ्वीभोवती घिरट्या घालणारा माणूस आणि सांगली-मिरज रस्त्यावर घिरट्या घालणारा मी, दोघांचा आजार एकच! फरक इतकाच, की मला खऱ्या वजनाचे लोखंड पेठेत मिळत होते.

हाडांची काळजी ज्यांना नको वाटते अशा तरण्या सायकलवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. नॉर्वेतल्या लिलेहॅमरचे रॉनेस्टाड नावाचे संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी चांगल्या तयारीच्या सायकलपटूंचे दोन गट केले. एका गटाने नुसती सायकल चालवली. दुसऱ्याने सायकल चालवून शिवाय बारा आठवडे पायांचे जड व्यायाम केले. मग सगळ्यांना १८५ मिनिटे सायकल चालवायला लावली आणि शेवटची पाच मिनिटे जीव तोडून चालवा म्हणून सांगितले. त्या शेवटच्या पाच मिनिटांत वजन उचललेले गडी सरस ठरले. हा अभ्यास २०११ साली छापून आला. तीन तासांनंतरची पाच मिनिटे म्हणजे नेमके काय, हे ज्याने उलट्या वाऱ्यात वाडीहून परतीचा रस्ता कापला आहे त्याला सांगायला नको.

तेव्हा लोखंड घ्यायचे हे ठरले. कोणते आणि किती, हा प्रश्न उरला.

मी प्रथम गेलो आमच्या जुन्या तालमीत. आमच्या भागात देहाविषयी काही शंका आली की माणूस आधी वस्तादांकडे जातो, मग डॉक्टरकडे. मी उलट क्रमाने गेलो एवढेच. वस्तादांनी माझ्या मांड्या चाचपल्या, दंड चाचपले, आणि दंडांविषयी काही न बोलण्याचा मोठेपणा दाखवला.

"गुरुजी, लोखंड कशापायी? बैठका मारा. पाश्शे मारा. आन् जोडी फिरवा, खांदं मोकळं हुत्यात."

वस्तादांच्या शब्दाला आमच्या गावात मान आहे. पण पाचशे बैठकांचा हिशेब माझ्या मनात काही जुळेना. सायकलवर मी मिनिटाला सुमारे ऐंशी वेळा पाय फिरवतो. तासाला झाले ४८०० फेरे. म्हणजे हलके काम हजारो वेळा करण्याची तालीम माझ्या पायांना रोजच घडते. पाचशे बैठका हे त्याच जातीचे काम. पायांना ठाऊक नव्हते ते निराळेच: सहा-आठ वेळांतच दम काढील असे जड काम. ज्याला ज्वारीची सवय आहे त्याला पुन्हा ज्वारीच वाढून काय साधणार? मात्र जोडीची गोष्ट मला एकदम पटली. सायकलच्या मुठीवर वाकून वाकून खांदे पुढे येतात, छाती आत जाते. मुद्गल खांद्यामागून फिरताना ती सारी गाठ सुटते. शिवाय तिच्यात एक मौज आहे; वजन तेच ठेवून मूठ जरा खाली धरली की तीच जोडी जड होते. इंग्रजांच्या फौजेने गेल्या शतकाच्याही आधी ही विद्या आपल्याकडून उचलली, आणि मुद्गल फिरवण्याची चढाओढ १९०४ आणि १९३२ या दोन ऑलिंपिकांत चक्क होऊन गेली. आपल्याकडे ती तालमीच्या कोपऱ्यात धूळ खात उभी आहे. मी लाकडाची हलकी जोडी घेतली. माझ्या खरेदीतली ती पहिली वस्तू, आणि तिच्यासाठी दुकानात जावेच लागले नाही.

दुकानात गेलो ते लोखंडासाठी. तिथला पोरगा चुणचुणीत होता. त्याने मला आधी एका अवाढव्य यंत्रापुढे उभे केले. दोऱ्या, कप्प्या, गाद्या, आरसा, नुसता शनिवारवाडा! "सर, होम जिम घ्या. बहात्तर प्रकारचे व्यायाम होतात." मला चार हवे होते. शिवाय असली यंत्रे आपल्याला बसवून, टेकवून, रुळावरून हात फिरवायला लावतात. सायकलवाला आधीच दिवसभर बसून आणि एकाच ठरलेल्या वर्तुळात पाय फिरवून व्यायाम करतो. त्याला हवे असते उभे राहणे, तोल सांभाळणे, कंबरेतून मोकळे होणे. यंत्राच्या कुबड्या त्याच्या काय कामाच्या?

मग त्याने लांब दांडा दाखवला, ऑलिंपिकच्या मापाचा. सव्वादोन मीटरांच्या आसपास लांब आणि नुसता दांडाच वीस किलो. माझ्या जुन्या काळ्या सायकलचे वजनही साधारण तेवढेच, त्यामुळे मला त्याच्याविषयी एकदम घरोबा वाटला. वस्तू निःसंशय उत्तम. ज्याच्या घरी मोकळी खोली आहे, दांडा टेकवायला घोडी आहे, आणि पाठीशी कुणी जाणता उभा राहणार आहे, त्याने तीच घ्यावी. आमच्या खोलीत तो दांडा आडवा धरला असता तर एक टोक पुस्तकांच्या कपाटात आणि दुसरे देव्हाऱ्यात गेले असते. आणि घोडीशिवाय जड दांडा खांद्यावर घेतला तर तो उतरवायचा कसा, हा प्रश्न खाली बसल्यावर सुचून उपयोगी नाही.

रबरी पट्टे त्याने "लेटेस्ट" म्हणून दाखवले तेव्हा मला हसू आले. युजेन सँडोने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रबरी दोऱ्यांचे साधन घरोघर विकले होते. हाच तो सँडो, जो १९०५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन आपल्या देहाचे खेळ करून गेला. साऱ्या जगाला बलोपासना शिकवायला निघालेला हा पुरुष आपल्याकडे शेवटी बनियनच्या नावात उरला! पट्टे वाईट नाहीत. प्रवासात पिशवीत मावतात, खांद्याच्या बारीक स्नायूंना फार चांगले. पण ओढीच्या सुरुवातीला ते ढिले आणि शेवटी एकदम ताठ, हा त्यांचा स्वभाव. उन्हात राहिले की चिरतात आणि एके दिवशी तोंडावर सटकन येतात. हाडाला भार सांगायचा तर लोखंडच हवे.

केटलबेलपाशी मात्र मी बराच वेळ रेंगाळलो. कान असलेला हा लोखंडी तांब्या मूळचा रशियातला, त्याचे माप तिकडच्या 'पूद' नावाच्या जुन्या वजनात, म्हणजे १६ किलोंहून थोडे अधिक. तो दोन पायांमधून मागे नेऊन खुब्याच्या झटक्याने पुढे झुलवायचा. सायकलवाल्याचा खुबा जन्मभर अर्धवट दुमडलेला असतो, तो कधी पुरता उघडतच नाही. या झुलत्या तांब्याने तो उघडतो. पण सोळा किलोचा तांब्या जन्मभर सोळा किलोचाच राहणार. ग्रीसच्या मायलोची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तो रोज एक वासरू उचलायचा, वासरू वाढत गेले आणि मायलोचे बळही. गोष्ट खरी असो वा नसो, १९४५ साली डीलॉर्म नावाच्या अमेरिकन डॉक्टरने जायबंदी सैनिकांचे पाय याच तत्त्वावर पुन्हा उभे केले. लोखंडी बूट बांधायचे आणि वजन हळूहळू वाढवत न्यायचे. तेव्हा पहिली खरेदी वाढणाऱ्या वासराची करावी. केटलबेल पुढच्या दिवाळीला.

हे वासरू म्हणजे सुट्या चकत्यांची डंबेलची जोडी. दोन आखूड दांड्या, आणि सव्वा, अडीच व पाच किलोच्या प्रत्येकी चार चकत्या. एका दांडीवर निम्म्या चढवल्या तर चकत्यांचे १७.५ किलो आणि दांडीचे दोनेक किलो. दोन्ही हातांत मिळून एकोणचाळीसच्या घरात, म्हणजे भरल्या सिलिंडरहून जास्त! चावी फिरवून वजन बदलणारी झुळझुळीत डंबेलेही दुकानात होती. ती जागा कमी घेतात हे खरे; पण किंमत भारी आणि आतली दातेरी कळ नाजूक. हातून एकदा निसटले की घड्याळजीकडे न्यावे लागणार. आपली साधी दांडी आणि चांदणीच्या आकाराचा नट बरा. नट घेताना मात्र आटे बोटाने फिरवून पाहावेत आणि आतले रबरी कडे शाबूत आहे की नाही ते बघावे. डोक्यावर वजन धरलेले असताना नट सैल होणे हा काही चर्चेचा विषय नव्हे.

चकत्यांत दोन जाती असतात. प्लॅस्टिकच्या कवचात सिमेंट भरलेल्या, आणि ओतीव लोखंडाच्या. पहिल्या स्वस्त. पण लोखंड सिमेंटहून सुमारे तिप्पट घन. म्हणून तेवढ्याच किलोची सिमेंटची चकती भाकरीच्या परातीएवढी होते, दांडीवर मावत नाही आणि मांडीला घासते. मुलांना वर्गात घनता शिकवताना आता मी दोन्ही चकत्या नेणार आहे. मी लोखंडाच्या घेतल्या, आणि शिवाय अर्ध्या किलोच्या चार. दुकानदार पोराला या अर्ध्या किलोच्या मागणीची गंमत वाटली. पण खांद्यावरून वर उचलण्याच्या व्यायामात एकदम अडीच किलोची उडी फार मोठी असते. अर्ध्या अर्ध्या किलोच्या चकत्यांनी वासरू वाढवावे. बाक घेतला नाही, खुर्ची घरात आहे. एक जाड रबरी चटई तेवढी घेतली, शहाबादी फरशीच्या आणि खालच्या बिऱ्हाडाच्या शांततेसाठी.

वजन पुरेल का, अशी शंका सायकलवाल्याला येते, कारण त्याच्या मांड्या बलदंड असतात. त्यावर युक्ती अशी, की एकेका पायाने काम करावे. मागचा पाय खुर्चीवर टेकवून पुढच्या एकाच पायावर खाली बसा आणि उठा. दोन्ही पायांना चाळीस किलो लागले असते तिथे वीसांत घाम फुटतो. सायकलवरही आपण एका वेळी एकाच पायाने दाबत असतो, तेव्हा हा धडा ओळखीचाच. उरलेले माझे व्यायाम घरगुती आहेत. एक डंबेल कळशीसारखे छातीशी धरून बसणे-उठणे. पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकणे आणि उभे राहणे. रहाटाचा दोर ओढावा तसे एका हाताने वजन बगलेकडे ओढणे. माळ्यावर पेटी ठेवावी तसे वर नेणे. आणि शेवटी दोन्ही हातांत दोन बादल्या घेतल्यासारखे अंगणात चालणे. आठवड्यातून दोनदा, तेही रविवारच्या लांब फेरीच्या आदल्या दिवशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली स्नायूंच्या व्यायामासाठी आठवड्यातून किमान दोन दिवस सांगितले, तेवढे होतात.

लोखंड घरी आले तेव्हा सौभाग्यवतींनी कंबरेवर हात ठेवून विचारले, "अहो, हे ठेवणार कुठं?"

"पलंगाखाली."

"आणि पूर आला म्हणजे?" आमच्या गल्लीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये कंबरभर पाणी होते, त्यामुळे घरात आलेल्या प्रत्येक वस्तूला ही परीक्षा द्यावी लागते.

"लोखंड वाहून जात नाही," मी म्हणालो. या उत्तराने तिचे समाधान झाले, आणि पाहता पाहता तिनेच एक डंबेल उचलून कंबरेवर टेकवले, कळशी टेकवतात तसे. तिच्या आजीने दोन कोस पाणी वाहिले, जात्यावर पायली पायली दळले, मुसळ चालवले. ती सगळी लोखंडेच होती. आता नळ, मिक्सर आणि गिरणी आली. ओझे गेले याचा आनंदच आहे, ते परत यावे असे कोण म्हणेल? पण हाडाला हे कुणी कळवले नाही, आणि बाईच्या हाडाला तर पन्नाशीनंतर दुप्पट घाई असते. हल्ली मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मला डंबेलसाठी रांगेत उभे राहावे लागते. अर्ध्या किलोच्या चकत्यांवर तिचा कायमचा ताबा आहे.

आई हे सारे पलंगावरून पाहत असे. तिला व्यायाम शिकवायला एक मुलगी येते, गोड बोलून कामाला लावणारी. पहिले काही आठवडे नुसते पाय हलवणे, मग काठीच्या घोड्याला धरून उभे राहणे. भाद्रपदात तिने सांगितले की आता घोट्याला थोडे वजन बांधून पाय उचलायचा. दुकानातल्या घोट्याच्या पट्ट्या आईच्या पायाला मोठ्या होत होत्या. सौभाग्यवतींनी जुन्या इरकलीच्या काठाची पिशवी शिवली, मी नदीवरून चाळून आणलेली वाळू स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून भरली: बरोबर अर्धा किलो. आईने ती पिशवी हातात घेऊन पाहिली.

"एवढीशी?" ती म्हणाली. "यानं काय व्हायचंय!"

पहिल्या दिवशी तिने पाय चार वेळा उचलला आणि पाचव्यांदा तो उचलला गेला नाही. ती काही बोलली नाही. डोळे मिटून पडून राहिली. मी पुढच्या खोलीत जाऊन उगाच एक चकती काढली आणि पुन्हा चढवली.

दसऱ्याला ती काठीच्या घोड्याने आपली आपण ओसरीपर्यंत आली आणि आपट्याची पाने घेतली. परवा मी अंगणात दोन्ही हातांत डंबेल घेऊन येरझारा घालीत होतो. आई खुर्चीत बसून पाय वर-खाली करीत होती आणि मोठ्याने मोजत होती. माझ्या फेऱ्या की तिचे पाय, ते कळेना. बारा झाल्यावर ती थांबली.

"अरे, वाळू आहे का शिल्लक?"

"आहे. का?"

"पिशवीत अजून पावशेर घाल."